बारा शिष्यांचे पट्टे

सासूबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी मी बहरीनला निघाले तेव्हा राहुरीच्या घरात, माझ्या बॅगेत कुरडयांची पिशवी कोंबता कोंबता त्या म्हणाल्या, "तिथं आपली मान्सं भेटतील. गाव इचार, जेवाया बोलाव. पन लई खोदत बसू नको, दीप्ती. मूळचे कोन म्हनून इचारलं का बसलेलं मानूस उठून जातंय."

मी हसले. "आई, इतिहासात एम. ए. केलंय मी. खोदणं हाच माझा विषय."

"तुजा इषय पुस्तकात ठेव," भागीरथाबाई म्हणाल्या आणि गुडघा टेकवून बॅगेची चेन ओढली.

त्या असं का म्हणाल्या ते मला कळलं नव्हतं असं नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. मी माहेरची भिंगारदिवे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या सख्ख्या भावाने घेतला नाही. त्या भावाची मुलं पुढे छप्पन साली बौद्ध झाली. आमच्या गावी अजूनही एकाच अंगणात दोन दारं आहेत. एका दारावर क्रूस, दुसऱ्यावर निळा झेंडा. आडनाव एकच, विहीर एकच, आणि नाताळची करंजी व जयंतीची खीर इकडून तिकडे जायची तीही एकाच पितळी डब्यातून. हे सगळं मला पाठ होतं. तरीही बहरीनमध्ये पहिल्यांदा उल्का भेटली आणि म्हणाली, "मी उल्का भिंगारदिवे, श्रीरामपूरकडची," तेव्हा ती कुठल्या दारातली हे विचारायचं मला सुचलं नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये भेटली म्हणजे क्रूसाच्या दारातली, एवढंच मी धरून चालले. सगळेच धरून चालले.

आमच्या मराठी मंडळीला मनामातल्या एका चर्चच्या आवारातला हॉल शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दोन तास मिळतो. आधी मल्याळी लोकांची उपासना, मग आमची, मग फिलिपिनोंची. आम्ही आत जातो तेव्हा खुर्च्या गरम असतात आणि फळ्यावर मल्याळम असतं. संडे स्कूलही शुक्रवारीच भरतं. नवीन आलेला प्रत्येक जण त्यावर एकदा हसतो. मुलांचा वर्ग मागच्या छोट्या खोलीत. तिथे शिकवणाऱ्या बाई भारतात परत गेल्या, तेव्हा उल्काच्या बरोबर राहणारी श्रद्धा म्हणाली, "हिला गोष्टी फार छान सांगता येतात," आणि शामरावकाका म्हणाले, "मग खलास! आजपासून तूच मिस." शामरावकाका आमच्यातले वडीलधारे, तीस वर्षं इथे काढलेली. मंडळीतले निर्णय असेच व्हायचे, चहाचा कप हातात असताना. पुढे श्रद्धा कॅनडाला गेली. उल्का राहिली.

ती एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन. चौतीस वर्षांची, एकटी, माहूजला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. आणि रोज चार वेळा पोटात इन्सुलिन टोचून घेणारी. हे मला तिने नाही सांगितलं. माझ्या मुलीने सांगितलं.

कश्मिरा, आमची कशू, सहा वर्षांची. लहानपणी दोनदा न्यूमोनिया झाला तेव्हापासून मी तिच्याकडे बघतच असते. शाळेची बस वळेपर्यंत बघते, झोपेत छाती वर-खाली होते का बघते. मंडळीतही मी मोठ्यांच्या उपासनेत कडेची खुर्ची धरायची, म्हणजे मागच्या खोलीचं अर्धं उघडं दार दिसतं. माझा नवरा विनय म्हणायचा, "तू प्रार्थनेला जातेस का पहाऱ्याला?"

त्या अर्ध्या दारातून मी एकदा पाहिलं. उल्का गोष्ट सांगता सांगता थांबली, भिंतीला टेकली आणि खाली बसली. तोंड पांढरं. मुलं घाबरतील, ओरडतील म्हणून मी उठलेच होते. पण माझी कशू शांतपणे तिच्या पर्सकडे गेली, बाहेरच्या कप्प्यातून डबी काढली, खजूर काढला, बी काढून टाकली आणि तो उल्काच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिच्या कपाळावर हात ठेवला. तसाच, जसा मी तिच्या कपाळावर ठेवते.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं ते?"

"मिस टोल्ड ऑल ऑफ अस," कशू म्हणाली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर इंग्रजीत येतं. "इंजेक्शन मेक्स हर शुगर फॉल. आउटसाइड पॉकेट. टू डेट्स. देन वेट."

मला ताप आला होता तेव्हा हीच पोरगी टॅबलेटवरून मान वर न करता "गेट वेल सून, मम्मा" म्हणाली होती.

तेव्हापासून मी मोजायला लागले. जेवताना किती वेळा "उल्का मिस सेज". सोमवारी चार वेळा. गुरुवारी नऊ, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी पोळीवर तूप-साखर घालून दिली तर "उल्का मिस डझन्ट ईट शुगर," आणि पोळी बशीत. मी वेणी घातली तर ती सोडून पुन्हा घालायची, "मिस पार्ट्स इट इन द मिडल." शुक्रवारी दुपारी तिच्या केसांना उल्काच्या हातांच्या क्रीमचा वास यायचा, बदामासारखा. मी ते क्रीम दुकानात शोधलं. आणलं. लावलं. कशू म्हणाली, "यू स्मेल लाइक मिस," आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात माझ्या मांडीवर येऊन बसली. मला वाटलं होतं बरं वाटेल. मी ती बाटली कचऱ्यात टाकली.

"राग आहे का तुला तिचा?" विनयने विचारलं. तो कारखान्यात मेंटेनन्सला आहे, शिफ्टवरून आला की बूट काढता काढता माझं तोंड वाचतो.

"राग कशाला असेल? चांगली आहे ती."

"तेच विचारतोय. चांगल्या माणसाचं नाव घेताना तू भांडी आपटतेस."

लोक त्यात भर घालायचे. "काय गं दीप्ती, तुझी भावकीच की! बहीण शोभते अगदी," वरुणची आई म्हणायची. वरुण कशूच्या वर्गातला. त्याच्या आईचा स्वभाव असा की कुठल्याही बोलण्याला शेवटी एक चिमटा जोडल्याशिवाय तिला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. "फक्त ती जरा हसरी आहे, नाही?"

मी उल्काला बघत राहिले. बघायची सवयच आहे मला. ती कुणालाही "जय ख्रिस्त" म्हणत नसे, हसून "नमस्कार" म्हणायची. गाणी सगळी पाठ, सूर पक्का, पण प्रार्थनेला डोळे उघडे. आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस फिरायला लागला की ती लहानांना घेऊन बाहेर सावलीत जायची. "किती समजूतदार," असं सगळ्या आया म्हणायच्या, "आपल्याला शांतपणे घेता यावं म्हणून पोरं बाहेर नेते." मीही म्हणायची. पण मी हेही मोजलं होतं, की दीड वर्षात तिने एकदाही ती भाकर खाल्ली नव्हती.

एप्रिलमध्ये एका दुपारी विनयच्या फोनवर रुपेशचं स्टेटस दिसलं. रुपेश विनयच्याच कारखान्यात, नागपूरकडचा. जयंतीचा कार्यक्रम होता. निळ्या पताका, बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या. आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत, हात जोडून, या वेळी डोळे मिटून, उल्का.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा केला. मला धक्का बसला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मला आनंद झाला. पितळी डबा, एक अंगण, सगळं डोळ्यांपुढे असताना मला आनंद झाला. मी स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनवर घेतला आणि विनयला काही बोलले नाही.

मग आठवडेच्या आठवडे मी ते जवळ ठेवलं. शुक्रवारी उल्काला डबा नेऊन द्यायची, बिनसाखरेची खीर, ज्वारीची भाकरी. "ताई, किती करता माझ्यासाठी," ती म्हणायची. मी म्हणायची, "आपलीच आहेस गं."

पेंटेकॉस्टच्या सणाला मुलांचा कार्यक्रम ठरला: बारा शिष्य. वर्गात बरोबर बारा मुलं. उल्काने चिठ्ठ्या टाकल्या. वरुणला पेत्र निघाला आणि त्याच्या आईने टाळ्या वाजवल्या. माझ्या कशूला निघाला यहूदा इस्कर्योत.

"बदला ना ते," मी म्हणाले. "लहान मुलीला विश्वासघातकी कशाला?"

"तिला विचारा की ताई."

कशू नाचत होती. "मिस सेड जीझस वॉश्ड जूडाज फीट टू!"

त्या शुक्रवारी मी ठरवलं की हा कार्यक्रम माझा करायचा. मला जे येतं ते कुणालाच येत नव्हतं. मी तीन आठवडे वाचन केलं. गालील समुद्राचा काठ पूर्वी इस्राएलच्या बारा वंशांपैकी जबुलून आणि नफताली यांच्या वाट्याचा, म्हणून मासेमार शिष्य त्या भागातले. मत्तयाचं दुसरं नाव लेवी, म्हणजे तो लेव्यांपैकी असू शकतो. इस्कर्योत म्हणजे करियोथ गावचा, आणि ते गाव दक्षिणेत यहूदा वंशाच्या मुलखात, असं काही अभ्यासक मानतात. बाकीचे उत्तरेचे, तो एकटा खालचा. उरलेल्यांना मी अंदाजाने आशेर, गाद, इस्साखार वाटून टाकले. सूकच्या बाजारातून बारा रंगांचं सॅटिन आणलं. प्रत्येक मुलाच्या खांद्यावरून तिरका पट्टा, त्यावर सोनेरी अक्षरांत वंशाचं नाव. शामरावकाकांना दाखवलं.

"अरे वा!" ते म्हणाले. "बारा शिष्य, बारा वंश. एवढं तर आमच्या पाळकांनीपण सांगितलं नव्हतं. शिकलेली पोरगी आहे बाबा."

उल्काने पट्टा हातात घेतला, शिवण पाहिली. "सुंदर झालेत, ताई." मग विचारलं, "कोण कुठल्या वंशाचा, हे लिहिलेलं आहे?"

"सरळ असं नाही. पौल स्वतःला बन्यामीनचा म्हणतो, पण तो या बारांतला नाही. हे अभ्यासाने काढलंय."

"म्हणजे बारांपैकी एकाचंही लिहिलेलं नाही?"

"नाही. पण त्या समाजात माणसाची ओळखच ती होती उल्का. वंशावळी जपायचे. बरोबर बारा माणसं निवडली तीही बारा वंशांकडे बघूनच."

"मग लिहिणाऱ्यांना माहीत असणार, कोण कुठला."

"बऱ्याच जणांचं माहीत असणार."

"बापाचं नाव लिहिलं, धंदा लिहिला, जुळा आहे तेसुद्धा लिहिलं. हे तेवढं नाही लिहिलं." तिने पट्ट्याची घडी केली. "मग मी कशाला लिहू? पट्टे घालूया, ताई. रंग छान आहेत. नावं नकोत. आज गळ्यात नाव घातलं की उद्या पोरं एकमेकांना विचारायला लागतील, तू कोण, तू कोण."

मी तीन आठवडे जे वाचलं ते तिने तीन वाक्यांत बाजूला ठेवलं, आणि मुलं तिच्या मागे उभी होती. कशूने तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मी म्हणाले, "कशू, तुला आवडला ना पट्टा?" कशूने आधी वर बघितलं. उल्काकडे.

त्यानंतर जे झालं ते माझ्या तोंडून आपोआप निघालं असं मी काही दिवस स्वतःला सांगत होते. आपोआप काही निघालं नाही. मी शामरावकाका चहा घेऊन येईपर्यंत थांबले. वरुणची आई आणि आणखी चार-पाच जण कपाटापाशी बिस्किटं काढत होते, ते वळेपर्यंत थांबले. मग हसत विचारलं, "उल्का, तुझा बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत झाला गं? श्रीरामपूरलाच का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. मला माहीत आहे हे तिला कळलं होतं, कधीपासून माहीत आहे तेही बहुतेक कळलं होतं.

"झालेला नाही," ती म्हणाली. "मी बौद्ध आहे."

शामरावकाकांच्या हातातला कप बशीवर टेकला. "म्हणजे? बाळ, तू कधी बोलली नाहीस!"

"कुणी विचारलंच नाही काका. मी पहिल्या दिवशी श्रद्धाबरोबर गाणी ऐकायला आले होते. तुम्ही म्हणालात, आजपासून तूच मिस." ती हसायचा प्रयत्न करत होती. "मी खोटं काही बोलले नाही. भाकरीला हात लावला नाही. माझं जे नाही ते मी घेतलं नाही. गोष्टी फक्त सांगितल्या, पुस्तकात आहेत तशा."

"अगं, आमचं काही म्हणणं नाही," काका घाईघाईने म्हणाले. "आपली बौद्ध मंडळी काय परकी आहेत का? माझा मावसभाऊच... पण शिकवायचं म्हणजे, उद्या पाळक विचारतील, आईबाप विचारतील. तू ये ना, बस आमच्यात, दर शुक्रवारी ये. फक्त वर्ग..."

"वर्ग दीप्ती घेईल," वरुणची आई म्हणाली. "तिला वंशबिंश सगळं येतं."

उल्काने खडू डबीत ठेवला. पर्स घेतली. मुलांना म्हणाली, "यल्ला, चला, सगळ्यांनी पाणी प्या." प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दारातून बाहेर पडली. मे महिन्यातलं ऊन, वाहनतळावर डांबर मऊ झालेलं. ती टॅक्सीसाठी भिंतीच्या कडेने चालत गेली. मी अर्ध्या दारातून बघत होते.

माझा हात कुणीतरी हलवला. कशू.

"हू विल गिव्ह मिस द डेट्स नाऊ?" तिने विचारलं.

"ती मोठी आहे बाळा. घेईल तिची ती."

"नो, मम्मा. व्हेन शी सिट्स डाउन शी कॅनॉट."

गाडीत बसल्यावर तिने पुन्हा विचारलं. सलमानियाला आमच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये पुन्हा. मग विचारणं बंद केलं आणि चार दिवस माझ्याशी फक्त हो-नाही बोलली. मराठीत. मी कितीदा म्हटलं असेन तिला, मराठीत उत्तर दे म्हणून.

कार्यक्रम झाला. बारा मुलं ओळीने उभी राहिली. वरुण म्हणाला, "मी पेत्र, नफतालीच्या वंशाचा." कशू शेवटी, पुटपुटत, "मी यहूदा, यहूदाच्या वंशाचा." टाळ्या पडल्या. पाळकांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, आणि मी कडेच्या खुर्चीत बसून बघत होते की कशू पायरीवरून उतरताना कुणाचा हात धरते. तिने कुणाचाच धरला नाही.

जेवणाच्या वेळी पट्टे कुणी काढले नव्हते. मुलांच्या टेबलावर वरुण एका खुर्चीवर हात ठेवून बसला होता. कशू तिथे गेली तर म्हणाला, "यू कान्ट. धिस साइड इज फॉर नॉर्थ. यू आर द ओन्ली साउथ." त्याने तालमीत सांगितलेले माझेच शब्द नीट लक्षात ठेवले होते. दोन मुलं हसली. कशूने ताट उचललं आणि भिंतीपाशी उभी राहून खाल्लं.

मी उठणार तेवढ्यात वरुणची आई माझ्या शेजारी येऊन बसली. भाताचा घास घेत, अगदी प्रेमाने तिने विचारलं, "दीप्ती, तूही माहेरची भिंगारदिवेच ना गं? म्हणजे तुमचे मूळचे...?" आणि वाक्य तसंच सोडून दिलं. आम्ही मूळचे ब्राह्मण पंडितांपैकी, असं तिने स्वतःबद्दल याआधी दोनदा कुणी न विचारता सांगितलेलं होतं.

तीन वर्षांत बहरीनमध्ये मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी ताट ठेवलं आणि उठले. बसलेलं माणूस कसं उठून जातं ते मला तेव्हा समजलं.

त्याच संध्याकाळी मी कशूला घेऊन माहूजला गेले. दुसऱ्या मजल्यावर घंटा वाजवली, दार एका फिलिपिनो बाईने उघडलं. खाली वॉचमन वकारला विचारलं.

"उल्का मैडम तो फ्लैट खाली कर गईं," तो म्हणाला. "पंद्रह दिन हो गए। सनद गाँव की तरफ गईं। किराया उधर कम है ना।"

"अकेली?"

"और कौन है उनका, मैडम? जुम्मे के जुम्मे चर्च जाती थीं, बस।"

मी फोन केला, वाजून वाजून बंद झाला. मेसेज केले. माफ कर, असं लिहिलं. पुसलं. कशूने तुझी आठवण काढली, असं लिहिलं, आणि ते माझ्या माफीपेक्षा खरं होतं म्हणून पाठवलं. तिने ते वाचल्याचं दिसलं. विनयला तेव्हा सगळं सांगितलं, स्क्रीनशॉटसकट. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "भाकरी नेऊन देत होतीस ना तू तिला? हा फोटो खिशात ठेवून?"

त्याने रुपेशला विचारलं. त्यांच्या कार्यक्रमांनाही ती आता येत नाही. रुपेशने मलाच फोनवर सांगितलं, "वहिनी, आमच्याकडेही बायका म्हणायला लागल्या होत्या, ही दर शुक्रवारी चर्चला का जाते म्हणून. कुणीतरी फोटो पाठवला होता तिचा, पोरांना गोष्ट सांगतानाचा." तो फोटो मी पाठवलेला नव्हता. पण मुलांच्या ग्रुपवर मागच्या नाताळला तो मीच टाकला होता, कारण त्यात कशू सुंदर दिसत होती.

चार दिवसांनी उल्काचा मेसेज आला. एकच. "ताई, तुम्ही येऊ नका. मी ठीक आहे. कशूला माझा पापा."

मी सासूबाईंना फोन करून सांगितलं. वाटलं होतं त्या म्हणतील, बोलले नव्हते का तुला. त्या फक्त म्हणाल्या, "एकटी ऱ्हाती का ती पोर? साखरेची बिमारी हाय नि एकटी ऱ्हाती?" आणि मग, "तू जाऊ नको. तिनं नको म्हनलंय. पन कुनीतरी जायला पायजे."

म्हणून हे लिहितेय. मंडळीचा वर्ग मी सोडला, पट्टे कपाटात आहेत, नावांचे धागे उसवायला काढलेत. पण त्याने उल्काचं काही होत नाही. मागच्या खोलीत बारा मुलांना माहीत होतं की मिस खाली बसल्या तर काय करायचं. बारा जोड्या डोळे होते तिच्यावर, आणि मी ते एका दुपारी तिच्यापासून काढून घेतले, कारण त्यांतले दोन माझे होते असं मला वाटत होतं. आता ती सनदमध्ये कुठल्या तरी इमारतीत दार लावून झोपते, आणि ती खाली बसली तर ते कुणाला दिसत नाही.

तुम्ही हे वाचताय आणि सनदच्या बाजूला राहत असाल, किंवा तुमच्या इमारतीत दोन-तीन महिन्यांपूर्वी एक मराठी बाई राहायला आली असेल, सावळी, उंच, हाताला बदामाच्या क्रीमचा वास, तर कृपा करून एकदा तिची घंटा वाजवा. दार उघडायला वेळ लागला तर परत वाजवा. माझं नाव सांगू नका. वाटीभर काहीतरी घेऊन जा, बिनसाखरेचं. ती तिचं आडनाव सांगेल. त्यापुढे काही विचारू नका. फक्त तिची पर्स कुठे असते ते बघून ठेवा. खजुराची डबी बाहेरच्या कप्प्यात असते. ती खाली बसली तर आधी बी काढा, मग दोन खजूर द्या, मग थांबा. आणि ती बरी आहे एवढं मला कळवा. माझ्या मुलीला सांगायचंय.